एका बाटलीतली चार औषधे

मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्याच्या परासिया भागात २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये वीसहून अधिक लहान मुले दगावली. बहुतेकांचे वय पाच वर्षांच्या आत होते. आजार म्हणावा तर साधा सर्दी-खोकला आणि अंगात कणकण. पण खोकल्याचे औषध पोटात गेल्यावर काही दिवसांतच लघवी बंद झाली, मूत्रपिंडे निकामी झाली आणि त्यातील अनेक मुलांना घेऊन आईबापांना नागपूर गाठावे लागले. त्या औषधाच्या एका बॅचची तामिळनाडूच्या सरकारी प्रयोगशाळेत तपासणी झाली, तेव्हा तीत डायएथिलीन ग्लायकॉल हे औद्योगिक रसायन ४८.६ टक्के आढळले. या रसायनाची सोसता येण्याजोगी मर्यादा ०.१ टक्का मानली जाते. म्हणजे बाटलीतला जवळजवळ निम्मा द्रव विषारी होता.

यानंतर जे व्हायचे ते झाले. अटका झाल्या, कारखान्याचा परवाना रद्द झाला, महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानेही त्या बॅचबाबत जनतेला सावध केले. पण या गदारोळात एक प्रश्न मागे पडला. त्या बाटलीत जे असायला नको होते त्याची चर्चा खूप झाली. जे असायला हवे म्हणून वेष्टनावर छापले होते, त्याची फारशी झाली नाही. वेष्टनानुसार त्यात तीन औषधे होती: तापावरचे पॅरासिटामॉल, नाक मोकळे करण्यासाठी फेनिलेफ्रिन आणि शिंका व वाहते नाक थांबविण्यासाठी क्लोरफेनिरामाइन. यांतील शेवटच्या दोहोंचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये आणि तसा इशारा वेष्टनावर छापावा, असे भारताच्या औषध महानियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्येच कळविले होते. तेव्हा ती बाटली अगदी शुद्ध असती तरी त्यातील अनेक मुलांच्या हाती ती पडायला नको होती. विष हा अपघात किंवा अपराध म्हणता येईल; पण ती बाटली त्या घरात पोहोचणे हा आपल्या बाजाराचा नित्यक्रम आहे, आणि प्रस्तुत लेख त्या नित्यक्रमाविषयी आहे.

आमच्या लहानपणी डॉक्टरांच्या दवाखान्यात कंपाउंडर नावाची एक वल्ली असे. खिडकीतून रिकामी बाटली आत द्यायची आणि तो ती गुलाबी पाण्याने भरून, कागदाची पट्टी कातरून तीवर डोसाच्या खुणा करून परत देई. बाटलीत काय आहे हे विचारण्याची प्राज्ञा कोणाची नव्हती. आज कंपाउंडर गेला, त्याच्या जागी कारखाना आला. रचना वेष्टनावर छापलेली असते; पण ती इतक्या बारीक टाइपात आणि इतक्या अपरिचित नावांनी की, न विचारण्याची सवय कायम राहिली. ही नावे वाचणे मात्र वाटते तितके अवघड नाही.

खोकला हा मुळात रोग नव्हे, ती शरीराची झाडलोट आहे. छातीत कफ दाटला असेल तर तो बाहेर टाकण्यासाठी खोकला यावाच लागतो. कोरडी ढास लागून रात्रीची झोप उडाली असेल, तर ती काही काळ दाबणे समजण्यासारखे आहे. डेक्स्ट्रोमेथॉर्फन हे औषध मेंदूतील खोकल्याच्या केंद्राला शांत करते, म्हणजे खोकला दाबते. ग्वायफेनेसिन, ब्रोमहेक्झिन आणि अँब्रॉक्सॉल ही औषधे कफ पातळ करून तो बाहेर पडणे सोपे करतात. (ब्रोमहेक्झिन हे आपल्या अडुळशातील द्रव्यावरूनच घडविले गेले, हे जाता जाता सांगण्यास हरकत नाही.) टर्ब्युटालिन व साल्ब्युटामॉल दम्यासारख्या विकारात आवळलेल्या श्वासनलिका रुंद करतात, छातीत घरघर नसलेल्या माणसाला त्यांचा लाभ शून्य, पण हात थरथरणे आणि छातीत धडधडणे हे मात्र पदरी पडते. क्लोरफेनिरामाइन नाकाचे पाणी आटविते. त्याच ओघात कफही घट्ट होऊ शकतो, आणि झोप तर हमखास येते.

आता कफ पातळ करून बाहेर काढणारे औषध आणि खोकला दाबणारे औषध एकाच चमच्यात दिले तर काय होईल, हे समजण्यास वैद्यकाची पदवी लागत नाही. एका हाताने केर गोळा करावा आणि दुसऱ्या हाताने दार लावून घ्यावे, असा हा प्रकार. तरीही अशी मिश्रणे आपल्याकडे दशकानुदशके विकली गेली. जून २०२३ मध्ये केंद्र सरकारने ज्या १४ संमिश्र औषधांवर बंदी घातली, त्यांत ब्रोमहेक्झिन आणि डेक्स्ट्रोमेथॉर्फन एकत्र असलेली खोकल्याची औषधे होती. ही मिश्रणे १९८८ पूर्वीपासून बाजारात होती. म्हणजे एक अख्खी पिढी ती पिऊन मोठी झाली, तेव्हा कोठे ती निरर्थक असल्याचा निवाडा झाला.

असे का व्हावे? येथे अर्थशास्त्राच्या शिक्षकाला तोंड उघडण्याचा थोडा अधिकार पोहोचतो.

बाजार निकृष्ट माल आपोआप बाहेर टाकतो, असे आम्ही वर्गात शिकवितो. फाटकी चप्पल विकणाऱ्याकडे गिऱ्हाईक दुसऱ्यांदा जात नाही. या न्यायाला एक अट आहे: वस्तू वापरल्यावर तिचा बरेवाईटपणा गिऱ्हाइकाला कळला पाहिजे. केनेथ अॅरो यांनी १९६३ साली वैद्यकीय सेवेच्या अर्थशास्त्रावर लिहिलेल्या प्रसिद्ध निबंधात हीच अट वैद्यकाच्या क्षेत्रात कशी लागू पडत नाही, याची मीमांसा केली होती. खोकल्याच्या बाबतीत तर ती मुळीच लागू पडत नाही. सर्दीनंतरचा साधा खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळून आपणहून जातो. मनुष्य औषध घेतो ते बहुधा पहिल्या आठवड्याच्या अखेरीस, त्रास ऐन भरात असताना. त्यानंतर उतार पडणारच असतो. तो पडतो आणि श्रेय बाटलीला जाते. पुढच्या हिवाळ्यात तीच बाटली नाव घेऊन मागितली जाते आणि शेजाऱ्यालाही सुचविली जाते. ज्या वस्तूचे गुण कसेही असले तरी अनुभव तिच्याच बाजूने साक्ष देतो, ती वस्तू बाजार कशी बाहेर टाकणार?

दुसरे कारण किंमत-नियंत्रणात दडलेले आहे. २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशानुसार अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतील औषधांना कमाल किमतीची मर्यादा आहे. या यादीत प्रामुख्याने एकेकटी औषधे आहेत, मिश्रणे मोजकीच. यादीबाहेरच्या औषधाची किंमत उत्पादकाने आरंभी काय ठेवावी यावर अशी मर्यादा नाही, आणि नंतर वर्षाला दहा टक्क्यांपर्यंत ती वाढविताही येते. साध्या पॅरासिटामॉलवर मर्यादा आहे. त्यात आणखी दोन द्रव्ये मिसळून नवे नाव दिले की ते सहसा मर्यादेबाहेर जाते. शिवाय एका द्रव्याच्या दहा कंपन्यांच्या बाटल्यांची तुलना गिऱ्हाईक करू शकते, चार द्रव्यांच्या निरनिराळ्या प्रमाणांतील दहा बाटल्यांची करू शकत नाही. तुलना बंद पडली की स्पर्धा किमतीची न राहता नावाची, चवीची आणि औषध विक्रेत्याला मिळणाऱ्या सवलतीची होते. मिश्रणाचा जन्म रुग्णाच्या गरजेतून किती आणि या गणितातून किती, याचा विचार वाचकांनीच करावा.

सर्वच मिश्रणे अशी नसतात, हे येथे नमूद केले पाहिजे. क्षयरोगावरील एकत्रित गोळी, लोह व फॉलिक आम्लाची गोळी, जुलाबावरील क्षार-साखरेची पूड ही मिश्रणेच आहेत आणि ती उत्तम आहेत. त्यांतील प्रत्येक घटक प्रत्येक रुग्णाला, त्याच प्रमाणात, त्याच वेळी हवा असतो. खोकल्याच्या बाटलीला ही कसोटी लावून पाहावी.

सरकारला हे ठाऊक नव्हते असेही नाही. जयसुखलाल हाथी समितीने १९७५ मध्येच औषध उद्योगाचा सांगोपांग विचार करून ११७ अत्यावश्यक औषधांची यादी दिली होती. मे २०१२ मध्ये संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने, राज्यांच्या औषध प्रशासनांनी केंद्राची संमती न घेता संमिश्र औषधांना परवाने दिल्याबद्दल कडक शब्दांत ताशेरे ओढले. मार्च २०१६ मध्ये ३४४ मिश्रणांवर बंदी आली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने ती रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये फेरतपासणीचा आदेश दिला आणि सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणांवर पुन्हा बंदी घालण्यात आली. ऑगस्ट २०२४ मध्ये आणखी १५६. या आकड्यांचा अभिमान वाटण्याऐवजी चिंता वाटावी, कारण बंदी एका ठरावीक मिश्रणावर येते. पाचांतील एक घटक बदलला की मिश्रण कागदोपत्री नवे होते. विकण्यापूर्वी उपयुक्तता सिद्ध करण्याची जबाबदारी उत्पादकावर काटेकोरपणे टाकण्याऐवजी, विकल्यानंतर निरुपयोगिता सिद्ध करण्याचे ओझे सरकारने स्वतःच्या शिरावर घेतले आहे आणि ते त्याला झेपत नाही.

विषाच्या प्रश्नालाही एक आर्थिक बाजू आहे, तिचा उल्लेख टाळता येणार नाही. पॅरासिटामॉलसारखी द्रव्ये नुसत्या पाण्यात पुरेशी विरघळत नाहीत; त्यांना प्रॉपिलीन ग्लायकॉल किंवा ग्लिसरीनसारखा द्रावक लागतो. औषधी दर्जाचा द्रावक महाग, औद्योगिक दर्जाचा स्वस्त. डायएथिलीन ग्लायकॉल दिसायला तसेच, चवीला गोड आणि आणखी स्वस्त. कच्च्या मालाचे पिंप आल्यावर त्याची तपासणी करणे कायद्याने उत्पादकावर बंधनकारक आहे; ती टाळली की हे पिंप थेट बाटलीत उतरते. १९३७ साली अमेरिकेत सल्फानिलामाइड पातळ करताना हेच घडले, शंभराहून अधिक माणसे मेली आणि त्यातून १९३८ चा कडक औषध कायदा जन्मला. आपल्याकडे १९७३ साली मद्रास, १९८६ साली मुंबई, १९९८ साली गुरगाव, २०१९-२० मध्ये जम्मूतील रामनगर आणि २०२५ मध्ये परासिया. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील १४ मृत्यूंची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती लेंटिन आयोगाची आठवण ज्येष्ठ वाचकांना असेल. ते तर खोकल्याचे औषधही नव्हते, रुग्णांना दिले गेलेले ग्लिसरीन होते. पण घुसलेले रसायन तेच होते.

२०२२ मध्ये गांबियात सुमारे सत्तर मुले दगावली आणि त्याचा संबंध भारतात बनलेल्या खोकल्याच्या औषधांशी जोडला गेला, तेव्हा जगभर आपली नाचक्की झाली. त्यावर सरकारने १ जून २०२३ पासून असा नियम केला की, निर्यात होणारे खोकल्याचे प्रत्येक औषध सरकारी किंवा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून प्रमाणपत्र मिळाल्याखेरीज देशाबाहेर जाऊ नये. नियम चांगला होता. पण असाच नियम देशातल्या मुलांसाठी त्या वेळी झाला नाही. परदेशातील गिऱ्हाईक गेले तर परकीय चलन जाते. परासियातील गिऱ्हाईक कोठे जाणार? लेखकाला हे वाक्य लिहिताना संकोच वाटतो, तथापि त्या नियमाचे याहून सौम्य स्पष्टीकरण त्याला सापडलेले नाही.

या सर्वांत बदल होईल तेव्हा होईल. तोपर्यंत घरात खोकला आहेच, आणि मार्च महिना तोंडावर आला की शिक्षकांच्या खोलीपासून परीक्षेच्या दालनापर्यंत त्याचेच राज्य असते. अशा वेळी बाटली घ्यावीच लागली, तर आधी तिच्या मागील बाजूस ‘प्रत्येक ५ मिलिलिटरमध्ये’ या शब्दांखाली काय लिहिले आहे ते वाचावे. नावे तीन-चार असतील, तर यातील मला कोणते हवे आणि उरलेली कशासाठी, असा प्रश्न डॉक्टरांना अगर औषध विक्रेत्याला विचारण्यात कमीपणा नाही. नुसता कफ दाटला असेल तर नुसते कफ पातळ करणारे औषध मिळते. नुसती ढास असेल तर नुसते ती शमविणारे मिळते.

पॅरासिटामॉलचा हिशेब तर वहीवर मांडण्यासारखा आहे. तापासाठी ६५० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून चार वेळा घेतली की २६०० मिलिग्रॅम झाले. त्याच्या जोडीला सर्दीची संमिश्र गोळी, जीत बहुधा ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असते, तीन वेळा घेतली की आणखी १५०० होतात. बेरीज ४१००, आणि निरोगी प्रौढासाठी चोवीस तासांची कमाल मर्यादा ४००० आहे. त्यावर पॅरासिटामॉल असलेले खोकल्याचे औषध घेतले, तर यकृतावरचा बोजा आणखी वाढतो. तिन्हींची नावे वेगळी, वेष्टने वेगळी, म्हणून घेणाऱ्याला ही तीन औषधे वाटतात.

रक्तदाब असणाऱ्यांनी फेनिलेफ्रिनपासून दूर राहावे. तोंडाने घेतलेल्या फेनिलेफ्रिनने नाक मोकळे होतच नाही, असा एकमुखी निर्वाळा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने सप्टेंबर २०२३ मध्ये दिला आहे. म्हणजे धोका पत्करून हाती काहीच नाही. काचबिंदू किंवा पुरःस्थ ग्रंथीचा त्रास असलेल्या वृद्धांना क्लोरफेनिरामाइन बाधू शकते, आणि ते घेऊन स्कूटरवर बसणे हे मद्य घेऊन बसण्याच्या जवळपास जाते. नैराश्यावरील गोळ्या चालू असतील तर डेक्स्ट्रोमेथॉर्फन डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. मधुमेह्यांनी पाकातली साखर मोजावी. घरातला चमचा मापाचा नसतो. बाटलीबरोबरचे झाकण किंवा माप वापरावे. एनालाप्रिल, रामिप्रिल यांसारख्या रक्तदाबाच्या गोळ्यांनीच कोरडा खोकला लागतो, हे अनेकांना ठाऊक नसते. अशांनी बाटल्या बदलत बसण्यापेक्षा गोळी बदलून मागावी.

मुलांबाबत आरोग्यसेवा महासंचालनालयाने ३ ऑक्टोबर २०२५ रोजी स्पष्ट सांगितले: दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत, पाच वर्षांखालील मुलांना सहसा देऊ नयेत. एक वर्षावरील मुलाला कोमट पाणी आणि अर्धा चमचा मध पुष्कळ वेळा पुरतो. वर्षाच्या आतील बाळाला मात्र मध मुळीच चाटवू नये, मग आजीबाई कितीही आग्रह करोत. बाळाचे पोट उडू लागले, श्वास भराभर चालू लागला, ते अंगावर पिईना किंवा त्याला लघवी होईना, तर ते औषधाच्या दुकानाचे काम राहत नाही.

सर्वांत महाग पडतो तो वेळ. आमच्या महाविद्यालयातील गणिताचे एक सहकारी गेल्या काही वर्षांपूर्वी पाच आठवडे खोकत होते. खडूच्या भुकटीचा त्रास, असे ते स्वतः म्हणत आणि आम्हीही माना डोलावीत असू. कोपऱ्यावरच्या दुकानातून त्यांनी एकामागून एक तीन निरनिराळ्या नावांच्या बाटल्या आणल्या. तिन्हींची वेष्टने त्यांच्या टेबलाच्या खणात पुढे सापडली. घटक जवळपास तेच होते, एका बाटलीत तर खोकला दाबणारे औषध कफ पातळ करणाऱ्याच्या शेजारीच नांदत होते. दुकानदाराने फसविले असे म्हणता येणार नाही. त्याला कोणी काही विचारलेच नव्हते. पुढे संध्याकाळचा बारीक ताप आणि सैल होत गेलेले कपडे पाहून त्यांच्या पत्नीने आग्रह धरला, तेव्हा सरकारी दवाखान्यात बेडक्याची तपासणी झाली. क्षयरोग निघाला. दोन आठवड्यांहून अधिक टिकलेल्या खोकल्याची क्षयासाठी तपासणी करावी, असे आपला राष्ट्रीय कार्यक्रम सांगतो आणि ती तपासणी व उपचार दोन्ही विनामूल्य आहेत. त्यांनी सहा महिने औषध घेतले, ते पूर्ण बरे झाले आणि आता पुन्हा दोन तास सलग शिकवितात. पण त्या पाच आठवड्यांत ते रोज चार तुकड्यांसमोर उभे होते, आणि घरी त्यांची बारावीतली मुलगी त्याच खोलीत अभ्यास करीत होती. तिचीही तपासणी करावी लागली. सुदैवाने काही निघाले नाही.

वेष्टनावर घटकांची नावे मोठ्या टाइपात आणि मराठीतही छापावीत, दोन आठवड्यांची सूचना त्यावर ठळक असावी, आणि निर्यातीच्या बाटलीला जी तपासणी लागते तीच नागपूर-चंद्रपूरच्या दुकानात जाणाऱ्या बाटलीला लागावी, या मागण्यांना मोठा खर्च नाही. पहिल्या दोन तर निव्वळ छपाईच्या आहेत. विधिमंडळाच्या पुढील अधिवेशनात अन्न व औषध प्रशासनाच्या मागण्या चर्चेला येतील, तेव्हा राज्यात औषध निरीक्षकांची मंजूर पदे किती, भरलेली किती आणि वर्षभरात पातळ औषधांचे किती नमुने तपासले गेले, एवढे तीन आकडे आपल्या आमदाराने विचारावेत, असे पत्र कोणीही लिहू शकतो.